चिंबोरीची बाईआत्या

बाईआत्या घरातून कधी गुपचूप बाहेर पडली नाही. विहिरीवर जायचं असो की पनवेलच्या बाजाराला, ती आधी माझ्यासमोर बसायची आणि सांगायची, "मनू, मी जातेय. जेवायच्या वेळेला परत येईन." त्यावर मी भोकाड पसरायचे. माझं रडणं साधंसुधं नव्हतं. सारसोळ्याच्या किनाऱ्यावर जाळी सुकवणारी माणसंसुद्धा हातातलं काम थांबवून बघायची, असं वडील सांगत.

शेजारच्या नानी कोळणीला हे बघवत नसे. "बाई, पोरीला सांगून कनाला जाता? गुपचूप निंगा ना!"

"चोरून गेले तर आज रडायची नाही, नानी," आत्या म्हणायची. "पण मग मी घरात असतानाही मला शोधत बसेल."

तिच्या या हट्टाला कारण होतं. मी पाच वर्षांची असताना आईला मुंबईच्या इस्पितळात नेलं, तेव्हा मी अंगणात खेळत होते. आई बाजाराला गेलीय, खाऊ घेऊन येईल, असं मला सांगितलं गेलं. आई परत आलीच नाही. वडील मिठागराच्या कचेरीत कारकून. पार भांबावून गेले. तेव्हा त्यांची थोरली बहीण नगरकडच्या मिशन शाळेतली नोकरी सोडून आमच्याकडे राहायला आली. शाळेत तिला बाई म्हणत, नात्याने ती आत्या. मी दोन्ही जोडून टाकलं. व्याकरणातला माझा तो पहिला आणि शेवटचा पराक्रम.

मी तिच्या पदराला इतकी चिकटलेली असे की कोळणी मला चिंबोरी म्हणत. खेकड्याने एकदा नांगी रुतवली की तो सोडत नाही, तशी मी. वडिलांनी मला गावातल्या शाळेत घालून पाहिलं. पहिल्याच दिवशी गुरुजींनी छडी नुसती टेबलावर आपटली आणि माझा फ्रॉक ओला झाला. आत्या मला घरी घेऊन आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिने शाळाच घरात भरवली. पटावर मी एकटी, त्यामुळे पहिला नंबर माझा आणि शेवटचाही माझाच.

शाळा प्रार्थनेने सुरू व्हायची. मग पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक गोष्ट, आणि तिच्यातूनच बाकीचे विषय. पाच भाकरी आणि दोन मासे हजारो लोकांना कसे पुरले, या गोष्टीवरून तिने भागाकार काढला. मी विचारलं, "मासे कुठले होते? मांदेली असतील तर आपल्या तिघांनाच पुरायची नाहीत." आत्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसली. भागाकार मला आजही जमत नाही.

ती रागावतही असे, आणि चांगली रागावायची. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत वडिलांसमोर म्हणायची, "देवबापा, आज मी मनूवर उगाच ओरडले, मला क्षमा कर." मग डोळे उघडून, "आणि मनू, तूही कर." त्या काळी मोठी माणसं लहानांची माफी मागत नसत. मी लगेच भाव खायचे. "बघते," म्हणायचे.

अशी दोन वर्षं गेली आणि वडिलांचा धीर सुटला. "ताई, तू हिला लाडावून ठेवलीयस. एवढी घोडी झाली, तुझ्याशिवाय अंगणात जात नाही. बोर्डिंगात टाकू, आपोआप सुधारेल."

"भीती हाकलून जात नाही, वसंता. मी परत येतेच, याची मनूला खात्री पटू दे. मग तीच माझा हात सोडेल."

"आणि नाही सोडला तर?"

"तर मी तुझ्या मुलीचं नुकसान केलं म्हणायचं," आत्या म्हणाली आणि उठून आत गेली. तिला भीती वाटताना मी पहिल्यांदा पाहिलं. लगेच मी तिचा पदर जास्तच घट्ट धरला, म्हणजे तिला मदतच केली म्हणा!

पुढच्या पावसाळ्याआधी ती होडीने मुंबईला गेली. संध्याकाळी येते म्हणाली आणि वारा उठला. एकही होडी खाडी ओलांडून आली नाही. मी किनाऱ्यावर बसून राहिले. वडील समजावून थकले. शेवटी नानीने मला उचललं. "वारा पडला की येल ती. बोलली हाय ना? मंग येलच."

आत्या सकाळी आली, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली. मला बघताच तशीच खाली बसली. "संध्याकाळी येते म्हणाले आणि आले नाही. तू घाबरली असशील. रड हवं तेवढं."

मी रडायची जय्यत तयारी केली. तोंड वाकडं केलं, श्वास भरला, पण रडूच येईना. आलेली दिसत होती ना ती! शेवटी मी विचारलं, "आज शाळा आहे का?"

त्यानंतर नांग्या सैल होत गेल्या. आधी मी नानीकडे एकटी जाऊ लागले, मग सगळ्या कोळीवाड्यात. दहा वर्षांची झाल्यावर मीच म्हटलं, "मला पुष्कळ मुलींबरोबर शिकायचंय." वडील आत्याकडे बघत राहिले. आत्या माझ्या फ्रॉकांना नावाचे टाके घालायला बसली.

मुंबईच्या बोर्डिंगात पहिल्या रविवारी ती भेटायला आली, तेव्हा मी लगोरी खेळत होते. ती फाटकात दिसली. मी ओरडले, "आत्या, थांब हं! माझा डाव संपू दे!" आणि डाव लांबतच गेला, कारण मी हरत होते आणि कबूल करत नव्हते.

आमच्या मेट्रनबाई ओशाळल्या. पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या आत्याला म्हणाल्या, "तुमची मुलगी जरा कोरडीच आहे हो. बाकीच्या कशा धावत येऊन बिलगतात."

"असू दे, असू दे," आत्या म्हणाली. "माझ्या चिंबोरीने मला थांबायला सांगितलंय!" आणि डब्यातल्या नारळाच्या वड्या दिसेल त्याला वाटत सुटली.

मी पोचले तेव्हा ती ऐन उन्हात, भरल्या डोळ्यांनी हसत बसली होती. मला वाटलं, वड्या संपत आल्या म्हणून रडतेय. उरलेल्या मी लगेच ताब्यात घेतल्या.