वयाची दोन बोटे

सौंसरच्या बसस्थानकाजवळचा तो शिंपी टेप उचलण्याआधी वय विचारी आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईचा ब्लाउज दोन बोटे सैल शिवी. स्वतः पन्नाशीचा असूनही त्याचा टेरिकॉटचा सदरा मात्र अंगाबरोबर बसलेला असे.

पांढुर्ण्याला भाचीचे लग्न होते आणि मला तिथे पोत्यासारखे दिसायचे नव्हते.

“तुमच्या सदऱ्याला ही दोन बोटे कुठे आहेत?” मी विचारले.

“माहा सदरा मीच शिवतो, बाई. मले कोन वय विचारून राहिलं?” तो म्हणाला. “तुमचं सांगा.”

“पस्तीस.”

त्याने शांतपणे माप लिहून घेतले. ब्लाउज उत्तम बसला.

शाळेतल्या माझ्या नोकरीला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. वर्गात कोणी असे उत्तर दिले असते, तर मी त्याला ते फळ्यावर सोडवून दाखवायला लावले असते.