खरवस की खारी

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण डाव्याचं ती करू देत नव्हती. "एकाने दिसतंय ना, पुरे झालं," हे तिचं पालुपद. मी समजावलं, चिडले, दोन दिवस अबोला धरला. ती ढिम्म. तो डोळा दिवसेंदिवस जातोय हे मला कळत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यातच आमच्या घाटकोपरच्या घराला रंग काढायचं ठरलं. हॉलसाठी रंगाऱ्याने भिंतीवर दोन रंगांचे चौकोन मारून दाखवले. शेडकार्डावरची इंग्रजी नावं कोण लक्षात ठेवतो? आमच्या घरात एकाचं नाव पडलं खरवस, दुसऱ्याचं खारी. मला खारी हवा होता, आईला खरवस. चार दिवस आमचं तेच चाललं होतं आणि रंगारी आपला बाकीच्या भिंती घासत होता.

पाचव्या दिवशी त्या घासण्याची धूळ आईच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा पदराने दाबून ती चौकोनांकडे बघत म्हणाली, "काय गो, ह्याने दोन्हीकडे एकच रंग मारलान की."

मी लगेच रंगाऱ्यावर घसरले. तो बिचारा दोन्ही डबे घेऊन आला. "मॅडम, बघा ना, वेगळेच आहेत." आई डोळा धुऊन आली, तर खरवस आणि खारी शेजारी शेजारी. तिने उजवा डोळा हाताने झाकला, उघडला, परत झाकला. डाव्याने दोन्ही चौकोन सारखेच मळकट पिवळे दिसत होते.

मी पानं वाढायला घेतली. जेवताना तीच म्हणाली, "भीती वाटते गो. ऑपरेशनात हा डोळा पुरताच गेला तर?" इतक्या महिन्यांत तिने भीती हा शब्द पहिल्यांदा काढला, आणि मी मेली तिला हट्टी म्हणत होते.

"मी बाहेरच बसलेली असेन," मी म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, घाबरलात का?"

"घाबरलेय तर," आई म्हणाली. "पण लवकर करा, रंगारी खोळंबलाय."

काही दिवसांनी भिंतीसमोर उभं राहून तिने एकेक डोळा झाकून पाहिला. डाव्यानेही दोन वेगळे रंग दिसले तेव्हा मलाच रडू आलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "तुझा खारीच बरा दिसतो."

मी कपाळाला हात लावला. तिच्यासाठी म्हणून खरवसाचे डबे मी सकाळीच मागवले होते.