नाही म्हणणाऱ्या सुलभाताई

डॉ. सुलभाताई उमाटे यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या नकारातून. मी तेव्हा हिंगणघाटच्या एका हायस्कूलात विज्ञानाचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. ताप आला म्हणून आईने मला ओढतच त्यांच्या दवाखान्यात नेले. ताईंनी नाडी पाहिली, घसा पाहिला, साध्या गोळ्या लिहून दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितले. आई बाकावरून उठेचना. सुई मारल्याशिवाय ताप उतरतो यावर तिचा विश्वास नव्हता. तिने विनवले, ताई नाही म्हणाल्या. तिने पुन्हा विनवले, ताई पुन्हा नाही म्हणाल्या. घरी येताना आई वाटभर पुटपुटत होती की ही कसली डॉक्टरीणबाई, हिला सुई धरता येत नसावी. माझा ताप लवकरच उतरला. आईचा राग उतरायला मात्र बरीच वर्षे लागली.

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या सेवेबद्दल, साधेपणाबद्दल आणि मायेबद्दल पुष्कळजण लिहितील आणि ते सगळे खरेच असेल. मला त्यांच्या ‘नाही’बद्दल लिहायचे आहे. हा शब्द त्या फार सहज उच्चारतात असे त्यांचे विरोधक म्हणतात. मित्रही म्हणतात. पण आमची वस्ती ज्या वर्षी वाचली, ती त्या शब्दामुळेच वाचली असे माझे ठाम मत आहे.

ताईंचा जन्म देवळीजवळच्या एका खेड्यात, भाजीपाला पिकवणाऱ्या घरात झाला. पहाटे उठून पालकाच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या आणि मग शाळेत जायचे, असे त्यांचे बालपण गेले. त्यांचे धाकटे भाऊ आजही भाजीच्याच धंद्यात आहेत आणि हिंगणघाटच्या मंडईत त्यांचे दुकान आणि दुकानामागे विहीर आहे. ताई डॉक्टर झाल्या, सरकारी नोकरी केली, निवृत्त झाल्या आणि आमच्या शहरात दवाखाना थाटून बसल्या. बसल्या हा शब्द चुकला. त्यांना बसलेले कोणी फारसे पाहिलेले नाही.

वणा नदी आमच्या शहराला तशी सांभाळून घेते. पण एखाद्या वर्षी तिचे डोके फिरते. मग खालच्या मोहल्ल्यांत पाणी शिरते, नाल्या उलट्या वाहू लागतात, संडासाच्या टाक्या भरून वर येतात. पूर पाहायला गर्दी होते. पूर ओसरला की गर्दीही ओसरते, आणि खरा धोका तेव्हा सुरू होतो. ताईंनी हे ओळखून शिक्षक, परिचारिका, दुकानदार, बचतगटातल्या बाया अशांचे एक पथक उभे केले. त्याला नाव नाही, फलक नाही. एकदा एका पुढाऱ्यांनी शिबिराच्या उद्घाटनाची वेळ विचारली तेव्हा ताई म्हणाल्या की उद्घाटन नदीने केव्हाच केले आहे, तुम्ही झाकणाच्या बादल्या पाठवा. त्या गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण बादल्या आल्या, हेही नोंदवले पाहिजे.

देणगी म्हणून येणाऱ्या औषधांच्या बाबतीतही त्या अशाच कठोर. लोक भल्या मनाने घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या पिशव्या भरभरून आणून देतात. ताई त्या पिशव्या हात जोडून परत करतात. देणारा हिरमुसतो. मग त्याच माणसाला त्या कामाला लावतात, घरोघर जाऊन टाक्या आणि कुंड्या रिकाम्या करायच्या, डास होऊ द्यायचे नाहीत. नाराज झालेला माणूस जास्त जोमाने काम करतो असा त्यांचा अनुभव आहे.

आता विहिरीची गोष्ट सांगतो.

आमची वस्ती नदीच्या बाजूला, उतारावर आहे. वस्तीच्या मधोमध एक विहीर आहे. धम्मदीक्षेनंतर आमच्या आजोबांच्या पिढीने ती स्वतःच्या हातांनी खणली. त्याआधी पाण्यासाठी दुसऱ्यांच्या विहिरीपासून लांब उभे राहायचे आणि कोणी ओंजळीत वरून ओतेल तेवढे घेऊन यायचे, अशी रीत होती. माझे वडील, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणते, त्या वेळी लहान होते आणि डोक्यावरून मातीची टोपली वाहत होते. नळ आले तरी पिण्याचे पाणी आम्ही त्या विहिरीचेच वापरत आलो. दर बुद्धपौर्णिमेला तिच्या कठड्याला पांढरा रंग देतात. बाहेरच्या माणसाला ती साधी विहीर वाटेल. आम्हाला ती तशी कधीच वाटली नाही.

त्या वर्षीचा पूर मोठा होता. पंपघर बुडाले आणि नळ बंद पडले. वस्तीत गुडघाभर गाळ होता आणि विहिरीचा कठडा पाण्याखाली जाऊन वर आला होता. पाणी दिसायला लवकरच नितळ झाले आणि लोकांनी ते प्यायला सुरुवात केली. लगेच उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आमच्या शाळेच्या वर्गांत बाके जोडून रोग्यांना निजवले होते. त्या रांगेत माझी आईही होती, हाताला सलाईन लावून. आता मात्र तिला सुई पुरेपूर मिळाली होती, पण ते बोलण्याचे त्राण तिच्यात नव्हते. मी फार घाबरलो होतो.

ताई विहीर पाहायला आल्या तेव्हा आबा कठड्यापाशी बसले होते. आजार विहिरीमुळे आहे हे त्यांना मान्य नव्हते. शिळ्या अन्नामुळे असेल, हवेमुळे असेल, पण विहिरीमुळे नाही. ताईंना पाहून ते उठले, बादली सोडली, पाणी काढले, पेला भरला आणि ताईंपुढे धरला. आजूबाजूला सगळी वस्ती जमली होती. त्या पेल्यात काय होते हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. मलाही कळत होते आणि मी मनातल्या मनात ताईंना विनवत होतो की एक घोट घ्या, बाकीचे आपण पाहून घेऊ.

“पाणी घ्या, बाई,” आबा म्हणाले. “आमच्या विहिरीचं हाये.”

“आज नाई पीत, आबा,” ताई म्हणाल्या.

आबांचा हात तसाच पुढे होता. मग ते अगदी हळू म्हणाले, “असं म्हणणारे आमी लय पाह्यले, बाई.”

“पाह्यले असतीन. त्याइचं कारण खोटं होतं,” ताई म्हणाल्या. “मायं कारण या पाण्यात हाये. सकाळी मंडईत माया भावाच्या विहिरीवर फळ्या ठोकून आली मी. त्यानं बी पाणी पुढं केलं होतं, त्याचं बी नाई पेली. खोटं वाटत असन तर कोणाले पाठवून पाहा.”

आबा तसे हट्टी. त्यांनी खरोखरच शेजारच्या देवानंदला सायकलवर मंडईत पाठवले. तो येईपर्यंत ताई तिथेच, चिखलात उभ्या राहिल्या. पेला आबांनी कठड्यावर ठेवला होता. देवानंद परत आला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की विहिरीवर फळ्या आहेत, आणि बाईचा भाऊ बाजूलाच तोंड फुगवून बसून राह्यला. पहिल्यांदा हसली ती आमची एक शेजारीण. मग आणखी दोघीतिघी हसल्या. आबा हसले नाहीत, पण त्यांनी पेल्यातले पाणी मातीत ओतून दिले.

ताईंची कामाची ही पद्धत मला नंतर नीट कळली. शहरात कोणतीही बंदी घालायची तर त्या आधी स्वतःच्या माणसांपासून सुरुवात करतात. मंडईतल्या विहिरीचे पाणी भाजीवर शिंपडतात, म्हणून ती बंद करणे गरजेचेच होते. पण ती पहिली बंद करण्यामागे आणखीही विचार होता. आमच्या वस्तीत नकार घेऊन यायचे तर तो आधी स्वतःच्या घरात दिला पाहिजे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. भावाने पुढे कित्येक महिने त्यांच्याशी अबोला धरला. पुढच्या राखीपौर्णिमेला तो अबोला सुटला, तोही कुरकुरतच.

त्या संध्याकाळी मी ताईंना जरा रागानेच विचारले की एक घोट घेतला असता तर काय बिघडले असते. आबांचा मान राहिला असता, काम सोपे झाले असते. त्या गाळात माखलेले बूट काढत होत्या. त्यांनी वर पाहिले.

“सर, मी पेली असती तर मायं पाहून साऱ्या वस्तीनं पेलं असतं,” त्या म्हणाल्या.

फोटोसाठी आमच्याकडे पाणी पिऊन जाणारे पुष्कळ येऊन गेले होते. आमच्या पोटाची काळजी करून पाणी नाकारणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मान देणे म्हणजे काय, याचा मी केलेला अर्थ किती वरवरचा होता हे त्या दिवशी मला समजले, आणि ताईंविषयीचा माझा आदर तेव्हापासून कायमचा झाला.

दुसऱ्या दिवशी मोटर लावून विहीर उपसली. ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, त्यातला चुना खाली बसू देऊन, वरचे पाणी विहिरीत सोडायचे असते. ताईंनी ती बादली आबांच्या हातात दिली. विहीर तुमची आहे, तिला औषध तुमच्याच हातून जाऊ द्या, एवढेच त्या म्हणाल्या. म्हाताऱ्याने धोतर खोचले आणि सगळे काम सांगितल्याप्रमाणे केले. एक रात्र थांबून मी सर्वांसमोर नळीत पाणी घेतले, त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. औषध पाण्यात टिकून आहे, आता प्यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. तेव्हा ताईंनी स्वतः पेला मागितला. पाण्याला वास येत होता, त्यांनी तोंड वाकडे केले आणि पूर्ण पेला रिकामा केला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बाया घागरी भरायला लागल्या.

नवे रोगी येणे हळूहळू थांबले. आमच्या वस्तीतले कोणी दगावले नाही. आई घरी आली तेव्हा तिने पहिल्यांदा विहिरीचेच पाणी मागितले, आणि वास येतो म्हणून ताईंच्या नावाने बोटे मोडत ते प्याली.

ताईंच्या स्वभावाला दुसरी बाजू नाही असे कोणी समजू नये. त्या लवकर चिडतात. स्कूटर अशी चालवतात की रस्त्यातली गुरे आपण होऊन बाजूला होतात. त्यांचा चहा इतका गोड असतो की मधुमेहाच्या रोग्यांना त्या तो स्वतःच देत नाहीत. पण त्यांची माया त्यांच्या रागाच्या आतच राहते. एकदा अल्लीपूरकडच्या खेड्यांत जायचे होते. माझ्या टाचेला छोटीशी चीर पडलेली त्यांनी पाहिली आणि मला गाडीतून खाली उतरवले. साचलेल्या पाण्यातल्या उंदरांच्या मुतातून ताप चढतो, जखम असलेल्या माणसाने त्यात उतरायचे नाही, हा त्यांचा नियम. मी दिवसभर शाळेत बसून मीठसाखरेच्या पुड्या वाटल्या आणि मनात धुसफुसत राहिलो. संध्याकाळी त्या भिजून, थकून परत आल्या त्या सरळ माझी टाच पाहायला. सोबत त्यांच्या डब्यातली भाकर आणि झुणका होता. मी जेवलो नसेन हे त्यांनी गृहीतच धरले होते, आणि ते खरे होते. आमच्या पथकातल्या प्रत्येकाकडे अशी एखादी आठवण असेल.

गेल्या पावसाळ्यात वणा पुन्हा वर आली. पूर मोठा नव्हता, पण आमच्या खालच्या गल्लीत पाणी शिरले. ताईंना कोणी निरोप दिला नव्हता. तरी पाऊस जरा उघडल्यावर त्या आल्याच, रेनकोट घालून, औषधांची बॅग घेऊन, भाच्याच्या गाडीवर मागे बसून. आता स्कूटर त्यांच्याकडून काढून घेतलेली आहे, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा अन्याय असे त्या मानतात. त्यांनी विहीर पाहिली. ती आधीच झाकलेली होती. पाणी तपासलेले होते. बायांनी घरोघर पाणी उकळायला सांगितले होते, टाक्या रिकाम्या झाल्या होत्या, कोणाच्या पायाला जखम आहे तेही विचारून झाले होते. ताई घरामागून घर फिरल्या. चूक काढायला त्या उत्सुक होत्या हे स्पष्ट दिसत होते. शेवटी त्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पायरीवर टेकल्या. बॅग मांडीवर तशीच बंद होती.

“मंग मले काऊन बोलावलं?” त्यांनी आबांना विचारले.

“बोलावलं नाईच बाई,” आबा म्हणाले. “तुमीच आल्या.”

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि पाऊस डोळ्यांत गेला असे म्हणाल्या. आम्ही कोणी ते खोडून काढले नाही.

म्हणून या पंचाहत्तरीच्या दिवशी आमच्या वस्तीच्या वतीने मी एवढेच मागतो. ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे आणि तो धारदार ‘नाही’ शाबूत राहोत. आणि दर पावसाळ्यात त्या कोणी न बोलावता आमच्याकडे येवोत, सगळी घरे हिंडोत, आणि एकही रोगी न सापडल्यामुळे त्यांना आमच्यात नुसते बसून राहावे लागो.