सासूबाईंचा कंपनीला अर्ज

नॉटिंगहॅमच्या त्या कंपनीत माझं काम एकच होतं, लोकांच्या तक्रारींना पत्राने उत्तर द्यायचं. कंपनी बिस्किटांची, जगभर पसरलेली. चुरा झालेली बिस्किटं, पुड्यात निघालेला केस, असल्या प्रत्येक तक्रारीसाठी आमच्याकडे तयार परिच्छेद असत. योग्य तो उचलायचा, नाव बदलायचं आणि पाठवून द्यायचा. सात वर्षं मी हे केलं आणि त्यात मला कधी काही गैर वाटलं नाही.

मग एके दिवशी पेपरात बातमी आली. आमच्या क्रीमच्या बिस्किटात दुधाच्या निवळीची पावडर पडते, आणि ती बनवताना दूध फाडायला वासराच्या जठरातला रस वापरतात. पूर्वी वापरत नव्हते, मध्येच कधीतरी सुरू झालं होतं. पुड्यावर एक अक्षरही बदललेलं नव्हतं. ईलिंगपासून ब्रिस्टलपर्यंतच्या हिंदू घरांतून आम्हाला पोतीभर पत्रं आली.

माझी मॅनेजर इंग्लिश, स्वभावाने खरंच चांगली. माफीचा मसुदा घेऊन ती माझ्याकडे आली, कारण आमच्या डिपार्टमेंटमध्ये हिंदू मी एकटीच. "तुमच्या कम्युनिटीला हे कसं वाटेल?" तिने विचारलं. मसुद्यात लिहिलं होतं, आपल्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. मी म्हटलं, ते 'असल्यास' काढा, दुखावल्याच आहेत. त्यांनी ते काढलं आणि तो आमचा परिच्छेद क्रमांक चार झाला. मोठा तीर मारल्यासारखी मी दिवसभर हवेत होते. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

घरी माझ्या सासूबाई होत्या. साताऱ्याला शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, नंतर सासऱ्यांबरोबर आमच्याकडे कायमच्या राहायला आलेल्या. सासरे इतके कडक शाकाहारी की अंड्याच्या शंकेने त्यांनी नातवंडांच्या वाढदिवसाच्या केकलाही कधी हात लावला नाही. बातमी येण्याच्या दोन वर्षं आधी ते गेले. शेवटच्या तीन आठवड्यांत हॉस्पिटलमधलं काहीच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. उतरायचं ते फक्त आमचं क्रीमचं बिस्किट, चहात भिजवून, चमच्याने. ते मी कंपनीच्या स्टाफ शॉपमधून आणायचे. "शाकाहारी आहे ना गं?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "हंड्रेड पर्सेंट, बाबा," मी म्हटलं होतं. भरवायच्या सासूबाई.

बातमी त्यांनी वाचली, पण त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे कधीपासून घालतात गं?" त्यांनी विचारलं. "हे गेले त्याच्या आधीपासून, की नंतर?"

मी ऑफिसात विचारलं. मॅनेजर वर वकिलांकडे जाऊन आली. "सॉरी, डक," ती म्हणाली. नॉटिंगहॅमची माणसं मायेने कोणालाही डक म्हणतात. तारीख बाहेर सांगायची नाही असं वर ठरलं होतं, आणि आम्हा दोघींना ती कोणी सांगितलीही नव्हती.

घरी येऊन मी सरळ खोटं बोलले.

"नंतर, आई. बाबा गेल्यावर सहा महिन्यांनी रेसिपी चेंज झाली."

"लेखी आहे का तसं काही?"

"अहो, असं लेखी कोण देतं?"

"मागितलं तर देतात. रीतसर अर्ज करावा लागतो," त्या म्हणाल्या. मला वाटलं, विषय संपला.

आठवड्याभराने माझ्या ट्रेमध्ये एक पाकीट आलं. त्यावरचं अक्षर सासूबाईंचं होतं. आत डावीकडे समास सोडून, सरळ ओळींत इंग्रजी पत्र होतं. माझे पती अमुक तारखेला वारले, तोवर मी त्यांना आपले बिस्किट भरवत होते, त्यात तो पदार्थ होता की नव्हता एवढेच कृपया कळवावे. सून तिथेच कामाला आहे, याचा कुठे उल्लेखही नव्हता.

मी पत्र मॅनेजरला दाखवलं. वाचून तिचे डोळे भरले. ती पुन्हा वर गेली आणि पुन्हा हात हलवत खाली आली. "पॅराग्राफ फोर, डक. त्याच्या पलीकडे काही पाठवता येणार नाही." एखादी तारीख मीच घुसडून द्यावी, असंही माझ्या मनात आलं. पण प्रत्येक पत्र तपासूनच बाहेर जायचं, आणि खरं सांगायचं तर माझी हिंमतही झाली नाही. मी चौथा परिच्छेद उचलला आणि नावाच्या जागी माझंच आडनाव टाइप केलं.

शनिवारी सकाळी ते पत्र घरी आलं. सासूबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, मुलांच्या वह्या तपासल्यासारखं.

"भाषा चांगली आहे. माफीही नीट मागितलीय," त्या म्हणाल्या. "पण विचारलं त्याचं उत्तर नाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तारीख तुलाही माहीत नव्हती ना?"

"नाही, आई."

"वाटलंच मला."

मला रडू फुटलं. "अहो, तुमचं लेटर माझ्याच डेस्कवर आलं. हे उत्तर मीच टाइप केलंय. मला काहीच करता येत नाही हो."

"तुला कुठे विचारतेय मी?" त्या म्हणाल्या. "कंपनीला विचारतेय. शेवटचा घास मी भरवलाय गं त्यांना. काय भरवलं, ते मला कळायला नको?"

त्यांनी लिहायचा पॅड पुढे ओढला, समास सोडला आणि कंपनीच्या पत्रावर बोट ठेवून विचारलं, "हाच ना रेफरन्स नंबर? वर घालायला हवा."

मी हो म्हटलं. अर्ध्या तासाने त्यांनी पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि मी दुकानात निघाले होते, तर ते माझ्याच हातात दिलं. कोपऱ्यावरच्या पोस्टबॉक्समध्ये मी ते टाकलं. मंगळवारी सकाळी ते माझ्या ट्रेमध्ये होतं.