लाईन बंद करा

"लाईन बंद करा रे! लाईन बंद करा म्हणतो ना!"

पटांगणावरून पी.टी.चे सर ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की ते चाकूरला ओरडले तर लातूरच्या बसस्थानकावर उभ्या गाड्या आपोआप हलाव्यात. खिचडीचं पातेलं तळाला आलं होतं आणि जेवून पुन्हा रांगेत शिरणाऱ्या पोरांना ते अडवत होते. पण ग्रंथालयाच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या मामांना ना पातेलं दिसत होतं ना पोरं. त्यांना फक्त ऐकू आलं, लाईन बंद करा. आमच्याकडे रांगेलाही लाईन म्हणतात आणि विजेलाही. मामा ताडकन उठले आणि व्हरांड्यातला ग्रंथालयाचा मेन स्विच त्यांनी खाली ओढला.

आत स्मार्ट बोर्डासमोर आठवीतली प्रज्ञा बोलत होती. लातूरच्या एका निवासी शाळेत प्रवेशासाठी तिची ऑनलाईन तोंडी परीक्षा चालू होती. निवड झाली असती तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. पडद्यावरच्या बाई "छान, पुढं सांग" म्हणाल्या आणि बाईंसकट पडदा काळा झाला.

मामा दारात आले. काळा पडदा पाहिला, पोरीचं तोंड पाहिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

आमच्यापैकी कुणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. का ते कळायला तुम्हाला मामा माहीत पाहिजेत.

मी नांदेडचा. ग्रंथालयशास्त्र शिकत होतो आणि इंटर्नशिपसाठी या शाळेत आलो होतो. काम काय, तर पुस्तकांवर नंबर चिकटवायचे. पण पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला मोबाईलवर भराभर बोटं चालवताना पाहिलं आणि शाळेतली झाडून सगळी वायर माझ्या गळ्यात घातली. कुठल्याही वर्गात पडदा बंद पडला की पोरगं पळत यायचं, "बारके सर, चला." तो ग्रंथालयातला स्मार्ट बोर्ड तर असा, की सुरू करायला बटण दाबावं तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं चित्र येईपर्यंत दुसरीत गेलेलं असायचं.

मला 'बारके सर' हे नाव मामांनीच दिलेलं. ते ग्रंथालयाचे शिपाई. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. आता ते देगलूरला लेकीकडे असतात. सडपातळ माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, आणि सगळ्या जगाची चूक स्वतःच्या डोक्यावर घेतलेली. कुणाकडून पुस्तकाचं पान फाटलं, "चुकलं माझं, म्या जरा जपून द्यायला पायजे होतं." खिडकीच्या काचेवर चिमणी आदळली, "चुकलं माझं, काच लईच पुसली." उदगीरला आमची कबड्डीची टीम हरून आली तेव्हा हे पी.टी. सरांपुढे मान खाली घालून उभे. "चुकलं माझं. पोरं जाताना म्या मागून आवाज दिला."

स्मार्ट बोर्डाला ते थोरला फळा म्हणत. घरून फुलाफुलाची चादर आणून त्यांनी त्याला पांघरूण केलं होतं. रोज सकाळी मी चादर काढायचो आणि बोर्ड रुसून बसायचा. मामा त्याच्यापुढे चपला काढून उभे राहत. "चुकलं माझं बाबा, रात्री लई घट्ट गुंडाळलं."

आता असा माणूस हाताशी असल्यावर माझ्यासारख्याची जीभ गप्प बसते का? चहाच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये मामांचे किस्से सांगायचो. होते तेवढे सांगून संपले, मग मी स्वतःचे बनवले. धर्माबादला मिरचीचा भाव पडला, मामा म्हणतात चुकलं माझं, मी जेवणात ठेचा कमी खाल्ला. नांदेडहून ढग निघाला आणि लातूरला न बरसता गेला, मामा म्हणतात चुकलं माझं, मी छत्री नेली होती. लोक चहा नाकातून काढत. पुढं पुढं मामा नुसते दारात आले तरी कुणीतरी म्हणायचं, "आज काय चुकलं, मामा?" आणि मामा खरंच विचार करून काहीतरी सांगायचे.

तर त्या दिवशी मामांनी बाहेर जाऊन खटका वर केला, पण बोर्ड पुन्हा सुरू होऊन लातूरची शाळा दिसेपर्यंत तिथं दुसऱ्या पोराची परीक्षा चालू झाली होती. मुख्याध्यापकांनी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, वीज गेली असेल तर आमचा इलाज नाही, ते सगळ्यांनाच होतं. पण शाळेच्या माणसाच्या हातून काही झालं असेल तर तसं आजच कळवा, मुलीला उद्या पुन्हा बसवू.

मामा स्टाफरूममध्ये आले.

"सर, लाईन गेली न्हाई. म्या बंद केली."

"हाव का," मुख्याध्यापक म्हणाले. "आन् उदगीरची कबड्डी?"

"ती बी माझीच चूक हाय. पन ही येगळी."

स्टाफरूम अशी हसली की भिंतीवरचं घड्याळ हललं असेल. मामा तसेच उभे. "न्हाई सर, खरंच म्या खटका वडला. तुमी कळवा त्यांना."

मुख्याध्यापकांचा स्वर मऊ झाला. माणूस वाईट नव्हता. "मामा, पोरीवर तुमची माया हाय, कळतंय मला. पन तिच्यापायी खोटं कसं कळवू? निवृत्तीच्या तोंडावर तुम्ही कामून अंगावर घ्यायलेत?" मग माझ्याकडे वळले. "बारके सर, तुम्ही होता तिथं. लाईन गेली का बंद केली?"

"गेली, सर," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. "मामांचं काय, उद्या ग्रहण लागलं तरी सूर्याला हेच झाकून आले म्हणतील."

या वाक्यालाही हशा मिळाला. मला तो हशा अजून ऐकू येतो, आणि त्यात मामांचा 'सर, ऐका' हा आवाजही.

लातूरची यादी लागली. प्रज्ञाचं नाव नव्हतं. ती आमच्याच शाळेत नववीत बसायला लागली.

मामांचं बोलणं मात्र बदललं. एकदा त्यांच्या हातून पी.टी. सरांच्या पँटीवर अख्खा कप चहा सांडला. सगळे वाट पाहायला लागले. मामांनी फडकं घेतलं, फरशी पुसली आणि निघून गेले. पी.टी. सर दिवसभर बेचैन. "आता ह्यात तरी माझी चूक न्हाई ना?" असं ते मलाच विचारत होते.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर मामा माझ्या गाडीपाशी उभे राहिले. "बारके सर, त्या पोरीच्या घरी सोडता का?"

वाटेत मागं बसून ते सांगत होते. खिचडीची लाईन, पी.टी. सरांचा ओरडा. त्याआधी एकदा व्हरांड्यातल्या स्विचबोर्डातून ठिणगी उडाली तेव्हा हेच सर हेच ओरडले होते, मामांनी उशीर केला आणि पंखा जळाला. म्हणून या वेळी ते पळाले. मी ऐकत होतो आणि मला पंखाच आठवत होता, पण दुसरा. त्या दिवशी मी अंधारलेल्या ग्रंथालयात वायरी चाचपत होतो, तेव्हा शेजारच्या वर्गातला पंखा करकरत फिरत होता. गावाची लाईन गेली असती तर तो कशाला फिरला असता? मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा तो आवाज माझ्या कानात होता. मी मात्र वाक्य जुळवत होतो.

प्रज्ञाची आई घरात नव्हती, रोजानं गेली होती. प्रज्ञा ओसरीवर सुपात तूर घेऊन खडे वेचत होती. तिनं उठून पाणी दिलं आणि पुन्हा सुपापाशी बसली. मामा बसले नाहीत. हातातला तांब्यासुद्धा त्यांनी तोंडाला लावला नाही.

"माय, एक सांगायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "तुझ्या परीक्षेला लाईन गेली न्हवती. म्या खटका वडला. लई जनांला सांगितलं, कुनी मानंना. तुला सांगावं म्हनून आलो."

मीही काहीतरी बोलणार होतो.

प्रज्ञानं एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुमी तवाच दारात सांगितलं की, मामा."