तळ्यावरची आरोळी
संत्र्याच्या सालीत नख रुतलं की त्या वासासोबत सौंसरजवळचं ते तळं आठवतं. पक्षी दाखवायला नागपूरहून आलेल्या गाइडमागे आम्ही पहाटेपासून टेकडीवरच्या सागाच्या जंगलात पायपीट केली होती. एकही धड पक्षी दिसला नव्हता. तळ्याशी पोचेस्तोवर चिखलाने बूट जड झाले होते आणि कोणात बोलायचं त्राण नव्हतं. माझ्या आग्रहाने बाबाही आले होते. जन्मभर ज्वारी आणि संत्र्याची राखण केलेला माणूस. ते खिशातलं संत्रं सोलत बसले. ऊन चढल्यावर कुठे एक रंगीत करकोचा समोरच्या उथळ पाण्यात उतरला. सगळ्यांनी श्वास रोखून दुर्बिणी उचलल्या, आणि बाबांनी टाळ्या पिटत आरोळी ठोकली, "हुर्रऽऽ, हाऽऽ!" तळं रिकामं झालं. "काका, काय करून राहिले तुम्ही!" गाइड कळवळला. बाबा आपल्याच हातांकडे पाहत म्हणाले, "पाखरू उतरलं का हात आपोआप उठते, बावा." आता बाबा नाहीत. भरदिवसा पोपट बाबांच्या बागेतली संत्री कोरत असतात, मी थकून बांधावर बसलेला असतो. दुर्बीण नसली तरी त्यांच्या चोचींवरचा रस दिसतो, इतके ते जवळ येतात. माझे हात काही उठत नाहीत.