त्यांची कार्डं चालत, माझी अडत

ऐंशी सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या एका कारखान्यात, कॉम्प्युटर विभागात मला नोकरी लागली होती. वडील त्याच कारखान्याच्या फाउंड्रीत. सकाळी कंपनीच्या बसने आम्ही बरोबरच जायचो. गेटातून आत गेलं की ते भट्टीकडे वळायचे आणि मी स्वेटर चढवून एसीच्या खोलीत शिरायची.

गिअरच्या दात्यांवर किती ताण येईल ते काढणारा प्रोग्रॅम माझ्याकडे होता. तेव्हा प्रोग्रॅमची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवावी लागे. कार्डांचा गठ्ठा मशीनच्या खोलीच्या खिडकीत द्यायचा. कंपायलर नावाचा मशीनमधलाच एक प्रोग्रॅम आमचं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवायचा, मग प्रोग्रॅम चालायचा आणि प्रिंटआउट मिळायचा.

मशीनचा वेळ वाचावा म्हणून साहेबांनी मला गठ्ठ्याच्या सगळ्यात वरचं कार्ड बदलायला सांगितलं. त्यावरच्या एका आकड्याने कंपायलरला हुकूम जाई, की प्रोग्रॅम जमेल तितका वेगवान कर. माझे छोटे प्रोग्रॅम त्यावर छान पळाले. गिअरचा मात्र अडला. कंपायलर मध्येच बंद पडला होता आणि चूक कुठे आहे ते दाखवणारा माझ्या एकाही ओळीचा नंबर कागदावर नव्हता. काहीतरी चुकलंय एवढंच कळत होतं.

मी प्रत्येक कार्ड तपासलं. मधल्या हिशोबाचे आकडे दिसावेत म्हणून एक छापायची ओळ घातली, तर सगळं सुरळीत चाललं. ती काढली, पुन्हा अडलं. आकडे नुसते छापल्याने चूक कशी दुरुस्त होईल? मला माझ्याच डोक्याची शंका यायला लागली. घरी जेवताना वडिलांनी विचारलं, तर मी ताटावरून उठले आणि मोरीत जाऊन रडले.

शेजारच्या टेबलावर रत्नागिरीच्या एक ताई बसत. त्या रजेवरून आल्या आणि त्यांच्याकडची याच प्रोग्रॅमची जुनी प्रत त्यांनी खिडकीत दिली. ती बिनबोभाट चालली. त्यांना वाटलं, मी एखादं कार्ड गाळलं. मला वाटलं, त्यांची प्रत वेगळी असणार. आम्ही जरा घुश्शातच दोन्ही गठ्ठे समोरासमोर ठेवून कार्डाला कार्ड लावत गेलो. प्रोग्रॅमच्या ओळींत काहीच वेगळं नव्हतं. ताईंनी शेवटी वरची दोन कार्डं उजेडात धरली.

"अगो, हा आकडा कुणी बदलला?"

मी साहेबांचा हुकूम सांगितला. ताईंनी स्वतःचं वरचं कार्ड माझ्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि माझा प्रोग्रॅम चालला. माझं त्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं, तर त्यांचा अडला. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो खऱ्या, पण मला समजलं काहीच नव्हतं.

मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर आला. कागद चाळून म्हणाला, वेग वाढवायला कंपायलर ओळी मागेपुढे करतो, नको वाटतात त्या गाळतो; तुमच्या प्रोग्रॅमच्या एका भागात तो स्वतःच गुंतून पडतोय. मग छापायची ओळ घातली की का सुटतो, असं मी विचारलं. "तेही असेल त्यातलंच," तो म्हणाला. "तो भाग जुन्याच आकड्यावर चालवा." साहेबांनी मान डोलावली आणि तसंच ठरलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"मंजे तुजं लिवलेलं बरूबर व्हतं?"

"हो."

"मग इतकं दिवस चुकत काय व्हतं?"

मी म्हटलं, कंपायलर. ते काय असतं, ते मला त्यांना नीट सांगता येईना. तेवढ्यात आमचा थांबा आला आणि आम्ही उतरलो. दुसऱ्या दिवशी खिडकीत गठ्ठा देण्याआधी मी पुन्हा सगळी कार्डं पहिल्यापासून तपासली. का, ते ताईंनी विचारलं. "माझंच काही चुकलं नाही ना, ते बघितलं," म्हणत मी गठ्ठा खिडकीत दिला.